ईस्टलीवरचं आकाश

'आय इन द स्काय' (२०१५) पाहिला नसेल तर आधी पाहून या, कारण पुढे मी त्याचा शेवट सांगून टाकणार आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. नैरोबीतल्या ईस्टली वस्तीत एका घरात अल-शबाबचे लोक आत्मघातकी जॅकेटं चढवताहेत. वर अमेरिकन ड्रोन घिरट्या घालतोय, त्याचा वैमानिक नेवाडात बसलाय, मोहिमेची सूत्रं इंग्लंडमध्ये कर्नल पॉवेलच्या (हेलन मिरेन) हातात आहेत आणि मंत्री, वकील लंडनच्या एका खोलीत वाद घालताहेत. एवढ्यात आलिया नावाची लहान मुलगी त्या घराच्या भिंतीला लागून पाव विकायला बसते.

आता क्षेपणास्त्र सोडायचं की नाही? बहुतेक परीक्षणं इथेच रमतात: एक मुलगी विरुद्ध बाजारातली कित्येक माणसं. मला मात्र त्यातला एक छोटा प्रसंग जास्त महत्त्वाचा वाटतो. मुलगी मरण्याची शक्यता ६५ टक्के निघते. परवानगीसाठी आकडा पन्नासच्या खाली हवा. पॉवेल सार्जंटला स्फोटाची जागा थोडी सरकवून पुन्हा हिशोब करायला लावते. तो म्हणतो, ४५ ते ६५. वर कळवला जातो फक्त ४५. मुलगी तिथेच आहे, भिंत तिथेच आहे, बदललाय तो कागदावरचा आकडा!

इथे माझ्यातला इतिहासाचा विद्यार्थी जागा होतो, आणि त्याला कारण आहे ते त्या वस्तीचं नाव. ईस्टलीला ब्रिटिश हवाई दलाचा तळ होता. ऑक्टोबर १९५२ मध्ये केनियात आणीबाणी लागली. जमिनीसाठी लढणारे माऊ माऊ बंडखोर, त्यात मुख्यतः किकुयू, अ‍ॅबर्डेअर आणि माउंट केनियाच्या जंगलांत शिरले. नोव्हेंबर १९५३ पासून लिंकन ही अवजड बॉम्बफेकी विमानं केनियात आणली गेली. ती याच ईस्टलीहून उडायची आणि त्या जंगलांवर ५०० आणि १००० पौंडांचे बॉम्ब टाकायची. १९५५ पर्यंत हे चाललं.

घनदाट झाडीत खाली कोण आहे हे वैमानिकाला दिसणं अवघडच. मग निर्णय घ्यायचे कसे? नकाशावर रेघ मारून. ही जंगलं 'प्रतिबंधित क्षेत्र' ठरवली होती, रेघेच्या आत जो कुणी सापडेल तो शत्रू. प्रश्न सोडवला नाही, आधीच काढून टाकला. (तिथे हत्ती आणि गेंडेही होते, त्यांना कोण विचारतो म्हणा.)

म्हणजे बघा, तेव्हा रेघ होती, सिनेमात टक्केवारी आहे. ड्रोनच्या कॅमेऱ्यात मुलीचा चेहरा स्पष्ट दिसतो, हा फरक खरा आहे आणि मोठाही आहे. पण हुकूम देणाऱ्याचा हात मोकळा करणारी काहीतरी सोय दोन्हीकडे लागतेच. सिनेमातल्या केनियन एजंटला, जामाला, ती सोय नाही. तो रस्त्यावर उभा आहे, म्हणून तो सरळ तिचे सगळे पाव विकत घ्यायला जातो.

शेवटी आलिया मरते. तिला दवाखान्यात न्यायला अल-शबाबचेच लोक आपल्या गाडीवरची मशीनगन उतरवून जागा करतात. मला वाटतं, दिग्दर्शक गॅव्हिन हूडने इथे कुणालाच सहज सुटू दिलेलं नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. सिनेमात ती जॅकेटं आपल्याला स्वच्छ दिसतात. जामाने उडवलेला किड्याएवढा कॅमेरा घरात शिरून ती दाखवतो, त्यामुळे आत कोण आहे याची शंकाच उरत नाही. प्रत्यक्षात ही खात्रीच नसते. २९ ऑगस्ट २०२१ ला काबूलमध्ये अमेरिकेने एका पांढऱ्या टोयोटाचा काही तास पाठलाग करून तिच्यावर ड्रोनने क्षेपणास्त्र टाकलं. आत स्फोटकं आहेत असं ठरवलं होतं. मेलेल्या दहा जणांत सात मुलं होती. गाडी चालवणारा मदत संस्थेत काम करायचा, आणि गाडीत भरलेले डबे पाण्याचे होते. १७ सप्टेंबरला अमेरिकी लष्कराने चूक मान्य केली. पुढे चौकशीत कायद्याचा भंग झालेला आढळला नाही, आणि डिसेंबरात ठरलं की कुणावरही कारवाई होणार नाही.