ग्लेशियर बे : ‘उत्तम महिन्या’चा इतिहास

अलास्काच्या आग्नेय किनाऱ्यावर जहाजाने जायचे तर मे ते सप्टेंबर या पाच महिन्यांतील कोणता महिना निवडावा, हा प्रश्न प्रवासी हमखास विचारतात. एप्रिल ते जून हा त्या भागातील त्यातल्या त्यात कोरडा काळ. जूनच्या अखेरीस दिवस सुमारे अठरा तासांचा असतो. जुलैत हवा सर्वांत उबदार होते. ऑगस्टपासून पाऊस वाढत जातो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तो कळस गाठतो. हवामानापुरते उत्तर एवढ्यावर संपते. परंतु तेथील ग्लेशियर बे या उपसागराचा इतिहास पाहिला, तर ‘उत्तम महिना’ ही कल्पना कशी घडली आणि त्या महिन्यावर आणखी कोणाकोणाचा हक्क आहे, हे ध्यानात येते.

१७९४ च्या जुलै महिन्यात जॉर्ज व्हँकूव्हरच्या मोहिमेतील जोसेफ व्हिडबी होड्या घेऊन येथे पोहोचला. आज जो लांबलचक उपसागर दिसतो तो त्या वेळी जवळजवळ अस्तित्वातच नव्हता. किनाऱ्यात जेमतेम आठ किलोमीटरांची खाच होती आणि तिच्या टोकाशी बर्फाची भिंत. ऐन उन्हाळा असूनही पुढे जाण्यास वाट नव्हती. याच बर्फाने अठराव्या शतकात पुढे सरकत हूना ट्लिंगिट लोकांच्या वस्त्या गिळल्या होत्या. ते लोक आइसी सामुद्रधुनीपलीकडे हूना येथे जाऊन राहिले. पुढे बर्फ मागे हटला, तेव्हा त्यांनी या पाण्याला जे नाव दिले त्याचा अर्थ ‘हिमनदीच्या जागी आलेला उपसागर’ असा होतो.

निसर्गाभ्यासक जॉन म्यूर १८७९ साली येथे आला तो ऑक्टोबरच्या अखेरीस, म्हणजे कोणताही शहाणा प्रवासी निवडणार नाही अशा वेळी. सोबत एस. हॉल यंग हा मिशनरी आणि ट्लिंगिट वाटाडे होते. उपसागरात झाडे नाहीत, सरपण बरोबर न्यावे लागेल, हे त्यांच्यापैकी लहानपणी तेथे सील मारण्यास गेलेल्या एकाने आधीच सांगितले होते. पाऊस आणि हिमवर्षाव थांबेना. अशा हवेत केवळ ज्ञानासाठी हिंडणारा हा मनुष्य चेटक्या तर नव्हे, अशी शंका टॉयाटे या त्यांच्या प्रमुखाला आली, असे म्यूरनेच लिहून ठेवले आहे. हा विनोद नव्हता. ट्लिंगिटांच्या वर्षात प्रत्येक कामाचा काळ ठरलेला होता. उन्हाळ्याच्या तोंडाशी कुरव पक्ष्यांची अंडी, त्यानंतर सामन मासे, अशी ती मालिका. कामाविना अवेळी आलेला माणूस त्यांना अनाकलनीय वाटला, तर नवल नाही.

म्यूरच्या लेखनाने उपसागराची कीर्ती पसरली आणि काम नसताना येणाऱ्यांचाच हंगाम सुरू झाला. १८८३ च्या जुलैत कॅप्टन जेम्स कॅरोलने ‘आयडाहो’ ही आगबोट आत नेली. तिच्यावर एलायझा सिडमोर ही लेखिका होती. तिचे अलास्कावरील पुस्तक १८८५ साली निघाले. ऋतू पाहून प्रवास करावा हे तिला चांगले ठाऊक असावे. हिंदुस्थानावर तिने १९०३ साली लिहिलेल्या पुस्तकाच्या शीर्षकातच हिवाळा आहे. पुढील काही वर्षे दर उन्हाळ्यात आगबोटींतून प्रवासी म्यूर हिमनदीपाशी उतरू लागले. १८९९ साली एडवर्ड हॅरिमनची मोठी शास्त्रीय सफरही जूनमध्येच तेथे पोहोचली. त्याच वर्षीच्या १० सप्टेंबरला याकुटाट परिसरात प्रचंड भूकंप झाला, म्यूर हिमनदीचे तोंड फुटले आणि उपसागर तरंगत्या हिमखंडांनी भरून गेला. त्यानंतर काही वर्षे आगबोटींना हिमनदीजवळ जाता येईना. महिना कितीही नीट निवडला, तरी बर्फ आपल्या मर्जीने वागतो, याचा हा धडा होता.

१९२५ साली हा प्रदेश राष्ट्रीय स्मारक झाला आणि १९८० साली राष्ट्रीय उद्यान. संरक्षण मिळाले, पण त्याची किंमत ट्लिंगिटांनाही मोजावी लागली. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली अंडी गोळा करण्याची प्रथा बेकायदा ठरली. हजारो प्रवासी ज्या जूनमध्ये बर्फ पाहण्यास येत, त्याच सुमारास मूळ रहिवाशांना आपल्या पूर्वजांच्या बेटावरून चार अंडी उचलता येत नव्हती. ती परवानगी देणारा कायदा थेट २०१४ साली झाला.

आज उपसागरात दिवसाला जास्तीत जास्त दोन मोठ्या क्रूझ जहाजांना प्रवेश मिळतो. जॉन्स हॉपकिन्स खाडी तर १ मे ते ३१ ऑगस्ट या काळात क्रूझ जहाजांना बंदच असते, कारण तेथील हिमखंडांवर सील पिलांना जन्म देतात आणि वाढवतात. जून ते ऑगस्ट हाच हंपबॅक देवमाशांच्या चरण्याचा मुख्य काळ. हवाईतील हिवाळ्यात ते फारसे काही खात नाहीत. वर्षाची शिदोरी त्यांना याच थंड पाण्यात बांधून घ्यावी लागते. म्हणजे प्रवाशाला जो महिना सोयीचा, तोच तेथील जिवांना निकडीचा.

तेव्हा कोरडी हवा आणि दीर्घ प्रकाश हवा असेल त्याने मेचा उत्तरार्ध किंवा जून निवडावा. देवमासे पाहायचे असतील त्याने जुलै. सप्टेंबरमध्ये जाणाऱ्याला पाऊस सोसावा लागेल, पण सीलांचा नाजूक काळ तोवर उलटलेला असेल आणि जॉन्स हॉपकिन्सची खाडीही जहाजांना खुली झालेली असेल. गैरसोय पत्करण्याची तयारी असलेल्याने या शेवटच्या पर्यायाचा विचार अवश्य करावा. म्यूरला हा उपसागर दिसला तो याहूनही वाईट हवेत.