आदिवासी कलेसाठी छोटी अनुदाने : प्रवेशापूर्वी चार शब्द

1966-67 मध्ये बिहारात भीषण दुष्काळ पडला. मिथिलेतल्या बायकांच्या हाताला काम मिळावे म्हणून पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने भास्कर कुलकर्णी हे मराठी चित्रकार मधुबनी परिसरात गेले. भिंतीवर काढता तीच चित्रे कागदावर काढून द्या, ती विकत घेतली जातील, एवढाच त्या योजनेचा गाभा होता. पुढे जितवारपूरच्या सीतादेवींना 1981 मध्ये पद्मश्री मिळाली. मिथिलेतल्या त्या बायका आदिवासी नव्हत्या, हे आधीच सांगायला हवे. तरीही या विषयाचा आरंभ तिथून करणे योग्य, कारण हेच कुलकर्णी सत्तरच्या दशकात आजच्या पालघर जिल्ह्यातल्या वारली पाड्यांवर कागद आणि रंग घेऊन पोहोचले.

तिथे त्यांना जे दिसले ते वाचकांनीही क्षणभर डोळ्यांसमोर आणावे. लग्नघरातली भिंत शेणामातीने सारवलेली, वरून गेरूचा हात. तांदळाच्या पिठात पाणी कालवून सवाशिणी चौक लिहायला बसतात. कुंचला म्हणजे टोक ठेचलेली बांबूची काडी. चौकात पालघट देवी, भोवती झाडे, जनावरे, नाचणारी माणसे. धवलेरी लग्नाची गाणी म्हणते आणि चौक झाल्याशिवाय लग्न पुढे सरकत नाही. या चित्राला गिऱ्हाईक नव्हते आणि त्याची गरजही नव्हती. लग्न पार पडले की ते हळूहळू पुसट होत जाई.

कागद समोर आल्यावर बायका बुजल्या. पुढे आले ते जिव्या सोमा म्हसे. 1975 मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांची चित्रे लागली, 1976 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 1989 मध्ये पॅरिसच्या एका मोठ्या प्रदर्शनात ती पोहोचली, 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. आज डहाणू, जव्हार, विक्रमगड या तालुक्यांत चित्रांवर घर चालवणारी कुटुंबे आहेत. थोडा कागद, थोडा रंग आणि पाड्यावर मुक्काम करण्याची तयारी असलेला एक माणूस, एवढ्या भांडवलावर हे उभे राहिले. मराठी माणसाने याचा अभिमान जरूर बाळगावा. त्याच वेळी हेही पाहावे, की सवाशिणींच्या हातातली कला कागदावर आली तेव्हा नाव आणि पैसा बहुतांशी पुरुषांकडे गेला. हे कोणी ठरवून केले नाही. पण मदत आली की ती कोणाला तरी निवडते आणि कोणी तरी बाहेर राहते. या विषयाचा खरा अभ्यास माझ्या मते इथे सुरू होतो.

छोट्या अनुदानाकडे सहसा दयेच्या किंवा हिशेबाच्या नजरेने पाहिले जाते. एवढ्याशा पैशांत काय होणार, हा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल. त्याचे उत्तर पाड्यावरच्या वर्षात शोधावे लागते. भाताची कापणी आटोपली की इथले हात वीटभट्टीकडे किंवा शहरातल्या बांधकामाकडे वळतात. घर बंद, पोरे सोबत, आणि पावसाच्या तोंडावर परतणे. चित्र काढायला, तारपा वाजवायला शिकवायला, म्हाताऱ्या धवलेरीकडून गाणी उतरवून घ्यायला जो मोकळा काळ असतो, तोच स्थलांतराचा काळ. त्या चार-सहा महिन्यांची चूल पेटती ठेवील एवढी रक्कम मिळाली तर माणूस गावात राहतो. छोटे अनुदान विकत घेते ते मुख्यतः वेळ.

आपल्याकडे अशा वाटा आहेत, फक्त त्या पाड्यापर्यंत क्वचित पोहोचतात. केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाच्या पाठ्यवृत्त्या दोन वर्षांच्या असतात : 25 ते 40 वयाच्या कलावंतांना महिना 10,000 रुपये, त्यापुढच्यांना 20,000. लोककला, पारंपरिक आणि देशज कला यांना त्यांत स्वतंत्र जागा आहे. क्षेत्रीय सांस्कृतिक केंद्रांच्या गुरु-शिष्य योजना आहेत, आणि महाराष्ट्र तर उदयपूर व नागपूर अशा दोन्ही केंद्रांत मोडतो. बंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्ससारखी बिगरसरकारी संस्थाही आहे.

अडते कुठे? तारपा घ्या. पोकळ भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा लांब कर्णा, सांधे बुजवायला मेण. भोपळ्याचा वेल झोपडीवर चढवलेला, बांबू बांधावरचा, मेण रानातल्या पोळ्याचे. यातल्या कशाचीच पावती नसते. अनुदानाचा दुसरा हप्ता मात्र उपयोगिता प्रमाणपत्रावाचून सुटत नाही आणि प्रमाणपत्राला बिले जोडावी लागतात. वाद्य करणाऱ्याने मग शहरातल्या दुकानाचे बिल मिळवायचे, की भोपळा आपल्याच वेलाचा होता असे साध्या कागदावर लिहून द्यायचे? दुसरा कागद ग्राह्य धरणारी योजना मला जास्त प्रामाणिक वाटते. अर्जाची भाषा, बँक खाते, मुंबईला जायचे एसटीभाडे, मधल्या माणसाचा वाटा या गोष्टीही किरकोळ समजू नयेत. अनेक चांगली कामे तिथेच थांबतात.

या प्रश्नांवर दूरच्या एका देशाचा अनुभव बरेच शिकवतो. ऑस्ट्रेलियाने 1966 मध्ये नवे चलन आणले, तेव्हा एक डॉलरच्या नोटेवर डेव्हिड मालांगी या आदिवासी चित्रकाराचे सालीवरचे चित्र वापरले, त्यांना न विचारता. बोभाटा झाल्यावर त्यांना 1,000 डॉलर, एक पदक आणि मासेमारीचे साहित्य देण्यात आले. 1971 मध्ये मध्य ऑस्ट्रेलियातल्या पापुन्या वस्तीवर शाळेच्या भिंतीवरील एका चित्रापासून नवी चळवळ उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी चित्रकारांनी स्वतःची कंपनी काढली. 1973 मध्ये तिथल्या कला परिषदेने आदिवासी कला मंडळ नेमले. मंडळावर आदिवासी सदस्यच होते आणि पहिले अध्यक्ष होते चित्रकार डिक रफसी. बाजारात गिऱ्हाईक नसताना या मंडळाने पापुन्याची चित्रे विकत घेतली. मालांगींना मागाहून मिळालेले पैसे आणि मंडळाने दिलेले पैसे यांतला फरक रकमेचा नाही. कोणाला, कशासाठी आणि कधी द्यायचे हे दुसऱ्या वेळी त्याच समाजातली माणसे ठरवत होती.

नव्या वाचकांनी म्हणूनच गाजलेल्या नावांपासून सुरुवात करू नये, असे सुचवावेसे वाटते. एखादे लहानसे काम निवडा : पाड्यावरची चित्रशाळा, बोहाड्याच्या उत्सवातल्या मुखवट्यांची दुरुस्ती, आजीच्या गाण्यांचे ध्वनिमुद्रण. निवड समितीत त्या समाजातले कोण होते ते पाहा. तयार झालेले चित्र किंवा गाणे शेवटी कोणाच्या मालकीचे राहिले ते विचारा. वारली चित्रकलेला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी साडीवर, भिंतीवर, चहाच्या कपावर छापल्या जाणाऱ्या आकृतींचा मोबदला पाड्यावर किती जातो, हा प्रश्न त्या अभ्यासात आपोआप येईल. आकडेवारी वाचाच, पण अहवालासोबत त्या गावीही एकदा जा. भाताच्या कापणीनंतर गेलात तर तारपा ऐकायला मिळेल.

आणि एक विनंती. तुमच्या ओळखीत एखादा आदिवासी कलावंत असेल, तर या वर्षीच्या पाठ्यवृत्तीचा अर्ज त्याच्या किंवा तिच्या शेजारी बसून भरा. प्रकल्पाची टिपणी त्यांच्याच शब्दांत लिहा, खाते त्यांच्याच नावाचे असू द्या आणि मंजूर रकमेतला एक रुपयाही घेऊ नका.