गांजाचा मक्ता ते ग्रामसभेचा ठराव

वर्धा नदीच्या एका काठावर बल्लारपूर, दुसऱ्या काठाकडे राजुरा. आज पूल ओलांडला की पलीकडे पोचता येतं. शंभर वर्षांपूर्वी मात्र नदी ओलांडली की राज्यच बदलायचं. चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, इंग्रजांच्या मध्य प्रांतात होतं. राजुरा आणि त्यामागचा माणिकगडचा डोंगर, म्हणजे आजचा जिवती तालुका, निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत राजुरा निजामाच्या जुन्या मुलखातून सुटला, आधी नांदेडला आणि १९५९ मध्ये चंद्रपूरला जोडला गेला. डोंगरावरच्या कोलाम आणि गोंड गुड्यांनी, म्हणजे वस्त्यांनी, सरकारं बदलताना पाहिली आणि प्रत्येक सरकारबरोबर नशेचे नियमही. त्यांना विचारून ठरलेला नियम त्यात क्वचितच होता.

या इतिहासातलं गांजाचं पान आज बहुतेकांना ठाऊक नसतं. चांद्याच्या बाजूला इंग्रजी अमलात गांजा हा परवान्याचा माल होता. मध्य प्रांतात त्याची लागवड फक्त निमाड जिल्ह्यात, खंडव्याच्या आसपास करता यायची. शेतकऱ्याला परवाना लागायचा, तयार माल सरकारी देखरेखीखालच्या वखारीत जायचा आणि विक्रीचे मक्ते लिलावाने दिले जायचे. पीक कष्टाचं होतं. झाडं फुलोऱ्यावर येऊ लागली की नर झाडं हुडकून उपटावी लागत. एखादं जरी राहिलं तरी मादीच्या तुऱ्यांत बी धरायचं आणि मालाचा भाव पडायचा. कापलेले तुरे उन्हात पसरून पायांनी तुडवत, पुन्हा रचत, पुन्हा तुडवत, शेवटी त्याच्या चपट्या चकत्या होत. तळहातावर मळलेला तोच गांजा पुढे चिलमीत जायचा आणि चिलमीच्या बुडाला ओल्या फडक्याची छापी गुंडाळून ओढला जायचा. मुंबई इलाख्यात नगर आणि सातारा ही गांजाच्या पिकाची नावाजलेली ठिकाणं होती.

मार्च १८९३ मध्ये लंडनच्या पार्लमेंटात या व्यापाराबद्दल प्रश्न विचारला गेला आणि सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. अध्यक्ष होते डब्ल्यू. मॅकवर्थ यंग. सात सभासदांपैकी तीन भारतीय होते आणि ए. एच. एल. फ्रेझर मध्य प्रांतातच नोकरी केलेले अधिकारी होते. आयोग प्रांतोप्रांती फिरला. ११९३ साक्षीदार तपासले गेले: डॉक्टर, मामलेदार, शेतकरी, मक्तेदार, धर्मगुरू. वेड्यांच्या इस्पितळांमधल्या नोंदी पुन्हा पडताळून पाहिल्या, तेव्हा अनेक रुग्णांच्या नावापुढे पुरेशी चौकशी न करताच ‘कारण गांजा’ असं लिहिल्याचं उघड झालं. १८९४ च्या अहवालाचा निष्कर्ष असा होता की माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, अति सेवनाने होतो. सरसकट बंदी घातली तर लोक धोतऱ्यासारख्या अधिक घातक गोष्टींकडे वळतील. म्हणून कर वाढवा, दुकानं कमी करा, लागवडीवर लक्ष ठेवा, अशी शिफारस झाली. साम्राज्याला महसूल हवाच होता, हे खरं. तरीही एखाद्या नशेबद्दल इतक्या माणसांना इतक्या तपशिलात विचारण्याचा हा मोठा प्रयत्न होता.

बंदी आली ती नव्वद वर्षांनी, आणि बाहेरच्या रेट्याने. १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारताने सही केली. त्यात गांजाचा पारंपरिक वापर पंचवीस वर्षांत संपवण्याची अट होती. मुदत सरत आली तेव्हा, २३ ऑगस्ट १९८५ रोजी लोकसभेत विधेयक मांडलं गेलं. १६ सप्टेंबरला राष्ट्रपतींची सही झाली आणि १४ नोव्हेंबरपासून अमली पदार्थविरोधी कायदा लागू झाला. विधेयक मांडल्यापासून तीन महिन्यांच्या आत शतकांची रीत गुन्हा ठरली. कायद्याच्या व्याख्येत फुलोरा आला, नुसती पानं आली नाहीत, म्हणून भांग सुटली. आजच्या नियमाप्रमाणे एक किलोपेक्षा कमी गांजा ‘अल्प’ आणि वीस किलोपेक्षा जास्त ‘व्यापारी’ प्रमाण मानलं जातं; व्यापारी प्रमाणाला किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आहे.

भारतात हा कायदा आल्यावर काही वर्षांतच अमेरिकेच्या सिएटल शहरात वारं उलटं वाहू लागलं. १९९१ मध्ये तिथल्या एका सार्वजनिक बागेत काही शे लोक गांजा कायदेशीर व्हावा म्हणून जमले. तिकीट नव्हतं. भाषणं, गाणी, दुकानं, सगळं उघड्यावर. हाच मेळा ‘हेम्पफेस्ट’ म्हणून दर उन्हाळ्यात भरू लागला आणि गर्दी लाखांच्या घरात गेली. नोव्हेंबर २०१२ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या मतदारांनी थेट मतदानाने प्रौढांसाठी गांजा कायदेशीर केला. पुढच्या वर्षीच्या मेळ्यात पोलिसांनीच चिप्सच्या पुड्या वाटल्या. पुड्यांवर नव्या कायद्याची माहिती चिकटवलेली होती.

चंद्रपूर-गडचिरोलीत असा गांजाचा मेळा भरला नाही. पण नशेच्या कायद्यासाठी माणसं उघड्यावर जमण्याची रीत इथेही आहे, मागणी तेवढी उलटी. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्यासह गावोगावच्या बायकांनी उभारलेल्या चळवळीनंतर १९९३ मध्ये जिल्हाभर दारूबंदी झाली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने स्वतःच्या सभेत, सर्वसहमतीने, दारूचा प्रश्न हाती घेतला. डिसेंबर २०१० मध्ये ‘श्रमिक एल्गार’ संघटनेच्या पारोमिता गोस्वामी यांच्या नेतृत्वात हजारो महिला चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनावर पायी चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूरची दारूची दुकानं बंद झाली. २७ मे २०२१ रोजी राज्य मंत्रिमंडळाने ती बंदी उठवली. अवैध दारू आणि वाढती गुन्हेगारी ही कारणं दिली गेली. बंदीसाठी बायका नागपूरपर्यंत चालल्या होत्या. बंदी उठवताना निवेदनं घेतली, समितीही नेमली, पण अखेरचा शब्द मुंबईतल्या बैठकीचा राहिला.

माणिकगडच्या डोंगरावर मात्र नशेचा प्रश्न गांजापेक्षा मोहाशी अधिक जोडलेला आहे. कोलाम-गोंडांच्या देवकार्यात मोहाच्या दारूला मान आहे, आणि त्याच दारूने मोडलेले संसारही त्याच गुड्यांत आहेत. या दोन्ही गोष्टींचा हिशेब गावातल्या माणसांइतका कुणालाच माहीत नाही. १९९६ च्या पेसा कायद्याने हे मान्य केलं: अनुसूचित क्षेत्रात कोणत्याही मादक पदार्थाच्या विक्रीवर आणि सेवनावर बंदी घालण्याचा किंवा नियमन करण्याचा अधिकार ग्रामसभेला असायला हवा. महाराष्ट्राने त्याचे नियम मार्च २०१४ मध्ये केले. जिवतीच्या डोंगरातल्या अनुसूचित गावांनाही हा अधिकार लागू आहे.

डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सर्वांत कडक यादीतून वगळलं, तेव्हा भारताने बाजूने मत दिलं. त्यामुळे १९८५ च्या कायद्याचा फेरविचार केव्हातरी दिल्लीत होऊ शकतो. गांजा केंद्राच्या कायद्याखाली असल्याने ग्रामसभा त्याला मोकळीक देऊ शकत नाही, पण साक्ष नक्की देऊ शकते. १८९३ च्या आयोगाने शेतकऱ्यापासून धर्मगुरूपर्यंत सगळ्यांना विचारलं होतं. पुढची चौकशी बसेल तेव्हा तिने जिवतीच्या गुड्यांतल्या बायकांपर्यंत यावं, त्यांच्या भाषेत विचारावं आणि त्या काय सांगतात ते अहवालात जसंच्या तसं लिहावं.