पावती नसलेला ग्रामोफोन

दादांच्या पश्चात ढोकीच्या घराची वाटणी झाली, तेव्हा शेत, घर आणि भांडीकुंडी यांचा हिशेब एका दुपारीच आटोपला. अडले ते एका काळ्या पेटीपाशी. ती होती परदादांचा, हातात धरून नेता येणारा 'हिज मास्टर्स व्हॉईस'चा ग्रामोफोन. हिस्सेदार तीन: अब्बा, चाचा आणि फुप्पी. पेटी तोडून वाटता येत नाही. ती विकायची आणि फुप्पीचा हिस्सा चोख द्यायचा, असे अब्बांनी ठरवले. उर्दू शाळेत इतिहास शिकवतो म्हणून किंमत काढण्याचे काम आमच्या गळ्यात पडले.

लोक अशा यंत्राला सरसकट फोनोग्राफ म्हणतात. पण एडिसनचा 1877 चा फोनोग्राफ नळकांड्यावर आवाज कोरत असे. सपाट तबकडी ही बर्लिनरची देणगी. आमच्या पेटीवर 102 हा क्रमांक आहे. हे मॉडेल 1931 मध्ये आले. म्हणजे पेटी शंभरीच्या आतली. 1972 च्या पुरावस्तू कायद्यात अशा वस्तूला शंभर वर्षांची अट आहे. तेव्हा दुकानदाराच्या तोंडी ती 'अँटिक' असली, तरी कायद्याच्या लेखी अजून नाही.

बाजारात पितळी कर्ण्याचे ग्रामोफोन पुष्कळ दिसतात. त्यांतले कित्येक जुने-नवे सुटे भाग जुळवून तयार केलेले असतात. आमच्या पेटीत कर्णा आतच दडवलेला आहे. म्हणून भाव ठरतो तो मूळ भाग किती शिल्लक आहेत यावर. चावी मूळची आहे, स्प्रिंग शाबूत आहे, कोपऱ्यातली सुयांची डबीही आहे. साउंडबॉक्स मात्र बदललेला. त्यातले रबर वर्षांनुवर्षांत कडक होते आणि आवाज पत्र्यासारखा येतो. मालातला ऐब झाकून विकू नये, ही घरातली शिकवण. म्हणून ही उणीव आम्ही आधीच लिहून ठेवली.

पेटीसोबत चौदा तबकड्या आहेत. लाखेच्या, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे वाजणाऱ्या. गौहर जान यांनी 1902 मध्ये कलकत्त्यात ध्वनिमुद्रण केले, तेव्हा तबकड्या जर्मनीतल्या हॅनोवरहून छापून येत. 1908 पासून कलकत्त्यातच छपाई सुरू झाली आणि आवाज स्वस्त होत गेला. आमच्याकडची एक तबकडी अब्दुल करीम खाँसाहेबांची आहे. कैरान्यात जन्मलेला हा उस्ताद मिरजेत राहिला आणि मराठी नाट्यपदेही गायला. दुकानदाराने त्या चौदा तबकड्यांचे मिळून दोनशे रुपये सांगितले. आम्ही त्या विक्रीतून बाजूला काढल्या.

परदादांनी ही पेटी बार्शीहून आणली, एवढे दादी सांगत. बार्शी लाइट रेल्वे 1911 मध्ये लातूरपर्यंत पोहोचली होती आणि ढोकी त्याच वाटेवर. पण बार्शी इंग्रजांची, ढोकी निजामाची. बार्शीत कलदार रुपया, इकडे हाली. सहा कलदारांना साधारण सात हाली पडत. म्हणजे साठ कलदारांची वस्तू घ्यायला ढोकीच्या माणसाला सत्तर हाली मोजावे लागत. वर हद्दीवर करोडगिरी द्यावी लागे ती वेगळीच. परदादांनी नेमके किती मोजले, ते पावतीवरच असणार.

"पावती आहे का?" दुकानदाराने हाच प्रश्न दोनदा विचारला. पावती असती तर भाव चढला असता. सप्टेंबर 1948 च्या पोलीस कारवाईच्या दिवसांत आमचे लोक घर सोडून गेले. परत आले तेव्हा पेटी कडब्याच्या गंजीत सापडली, कागदांची ट्रंक सापडली नाही. पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव घातले आहे. वर्गात आम्ही हा धडा शिकवतो. त्याचा फटका एखाद्या वस्तूच्या भावालाही बसतो, हे या व्यवहारात प्रथम उमगले.

दुकानदाराने आठ हजार सांगितले होते. आम्ही पंधरा हजार मागितले आणि पुण्याच्या एका शौकिनाने ते दिले. पाच भाग केले: अब्बांचे दोन, चाचांचे दोन, फुप्पीचा एक. तीन हजार रुपये फुप्पीच्या हातात ठेवले. तिने ते मोजून घेतले आणि खाँसाहेबांची तबकडी मागितली. तीही दिली.

पेटीसोबत एक चिठ्ठी पाठवली. तीत मॉडेल लिहिले, बदललेला साउंडबॉक्स लिहिला, बार्शी ते ढोकी हा प्रवास लिहिला. शेवटी लिहिले: मूळ पावती नाही, 1948 मध्ये घरातले सगळे कागद गेले.