एसएमपीएसच्या डब्यावरचा आकडा

कॉलेजात असताना कॅबिनेटबरोबर फुकट आलेला माझा '450 वॅट'चा एसएमपीएस गेम ऐन रंगात आलेला असताना फट्टकन उडाला, जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. मग लेबल वाचलं. 12 व्होल्टवर जेमतेम 15 अँपियर, म्हणजे 180 वॅट! बाकीचा आकडा 5 आणि 3.3 व्होल्टवर.

1995 साली इंटेलने एटीएक्स आणलं तेव्हा प्रोसेसरची भूक याच दोन लाइनींवर भागायची. 2000 मध्ये पेन्टियम 4 आला आणि त्याच्यासाठी 12 व्होल्टचा वेगळा चार पिनांचा कनेक्टर. मागोमाग ग्राफिक्स कार्डंही तिकडेच वळली. स्वस्त डबेवाले मात्र जुनीच वाटणी विकत राहिले. 2004 पासूनचा '80 प्लस' शिक्का वीज किती वाया जाते तेवढंच सांगतो, सुरक्षेचं नाही बरं का.

नवा घेताना दुकानदार वॅट सांगत होता, मी 12 व्होल्टपुढचे अँपियर आणि शॉर्टसर्किट, ओव्हरव्होल्टेजचं प्रोटेक्शन शोधत होतो. वैतागला बिचारा.