परभणी जिल्ह्यातील मृदार्द्रता आणि वृक्षवैविध्य : एक ऐतिहासिक विचार

परभणी जिल्ह्यातील आजचे वनावशेष पाहिले असता, येथील वृक्षांना उथळ व मुरमाड जमीनच मानवते असा प्रथमदर्शनी समज होतो. जिंतूरकडील डोंगरउतारांवर साग, धावडा, खैर, टेंभुर्णी, पळस हे वृक्ष आढळतात. गोदावरी, पूर्णा व दुधना यांच्या खोऱ्यांतील खोल काळ्या जमिनीत मात्र सलग वन जवळजवळ नाहीच. या समजाची परीक्षा निसर्ग आणि इतिहास या दोहोंच्या आधारे होणे आवश्यक आहे.

जिल्ह्याचे वार्षिक पर्जन्यमान सुमारे ९०० मिलिमीटर असून त्यातील बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या काळात पडतो. म्हणून वृक्षांच्या दृष्टीने पावसाइतकेच महत्त्व जमिनीच्या जलधारणशक्तीला असते. काळी चिकण जमीन पाणी पुष्कळ धरते, परंतु त्यातील मोठा अंश इतका घट्ट धरते की मुळांना तो मिळत नाही. पावसाळ्यात ती चिबडते व उन्हाळ्यात भेगाळून मुळे तोडते. अशी जमीन बाभळीला सोसते. निचऱ्याची जमीन लागणाऱ्या सागाला सोसत नाही. उलट, मुरमाखालील भेगाळलेल्या कातळात मुरलेले पाणी खोल मुळांना लाभते. ओढ्यांच्या काठी उंबर, करंज, जांभूळ, अर्जुन यांची भर पडते. तात्पर्य, ओलाव्याची स्थाने जितकी विविध, तितके वृक्षवैविध्य अधिक.

मात्र काळ्या जमिनीतील वृक्षांचा अभाव केवळ या गुणधर्मांनी उलगडत नाही. गोदावरीच्या खोऱ्यात शेती अतिप्राचीन आहे. प्रवरेकाठच्या दायमाबाद येथील ताम्रपाषाणयुगीन वसाहत त्याची साक्ष देते. ओल टिकवणारी जमीन रब्बी ज्वारीस उपयुक्त, म्हणून ती नांगराखाली आली. १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद लोहमार्ग सुरू झाल्यावर कापसाला दूरच्या बाजारपेठा खुल्या झाल्या. नांगराला नको असलेली जमीन तेवढी वनाच्या वाट्याला उरली.

चँपियन यांनी १९३६ मध्ये व पुढे चँपियन-सेठ यांनी १९६८ मध्ये केलेले भारतीय वनांचे वर्गीकरण वापरताना ही गोष्ट ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाल्यामुळे जुन्या व नव्या परभणी जिल्ह्यांच्या वनविषयक आकड्यांची थेट तुलनाही करता येत नाही. येलदरी व जायकवाडी प्रकल्पांनी जमिनीची ओल वाढविली, पण तिचा लाभ वनाला नव्हे, पिकांना झाला.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. आजचे अवशेष हे मृदार्द्रतेचे सरळ चित्र नसून निवडक उरलेले पुरावे आहेत. केवळ त्यांवरून वृक्षांची आवड ठरविल्यास वनीकरणात ओढेकाठच्या जाती वगळल्या जातील, आणि इतिहासाने केलेली हानी निसर्गाचा नियम म्हणून कायम होईल.