ठिणगीची वेळ

डोळे उघडा. 1975 चा फेब्रुवारी आहे. सकाळचे सात वाजून गेलेत, गिरणीचा भोंगा नुकताच थांबलाय. तुम्ही ताडदेवला, आरटीओजवळच्या एका गल्लीत पिंपळाखाली उभे आहात. पायाखालची माती ऑइलने काळी पडलीय. तुमचं वय सोळा, अंगात मळकी खाकी, हातात हात पुसायचं फडकं. समोर बॉनेट उघडून काळी-पिवळी टॅक्सी उभी आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून आलेली पद्मिनी. हे नाव तिला अलीकडेच मिळालंय. गल्लीत सगळे तिला फियाटच म्हणतात.

“मिस्त्री, चढावर जीवच नाय गाडीत,” टॅक्सीवाला सांगतो. “आणि पेट्रोल नुसतं पिते.”

त्याच्या कपाळावरची आठी तुम्हाला कळते. 1973 च्या अरब-इस्रायल युद्धानंतर पेट्रोलचे भाव असे चढलेत की लिटरमागे एखादा किलोमीटर कमी पडला तरी तो संध्याकाळी घरी न्यायच्या पैशांतून जातो.

मिस्त्री डिस्ट्रिब्युटरची कॅप काढतात. “पॉइंट बघ.”

तुम्ही वाकता. मधल्या दांड्याला चार कोपरे आहेत. प्रत्येक कोपरा फिरत येतो, फायबरच्या टाचेला ढकलतो आणि दोन चिमुकले पॉइंट अलग होतात. ते अलग होतात त्याच क्षणी कॉइलमधून करंट उसळतो आणि प्लगमध्ये ठिणगी पडते. इथे मात्र टाच घासून झिजलीय. फट कमी झालीय, पॉइंट उशिरा उघडताहेत. गाडीचा आजार इथेच आहे.

“आधी फट, मग टायमिंग,” मिस्त्री म्हणतात. “उलटं केलंस तर दोनदा करावं लागेल.” ते पॉइंट कानशीने साफ करतात, फीलर गेजची पाती फटीतून सरकवतात, स्क्रू आवळतात. फट बदलली की उघडायची वेळही बदलते, म्हणून हा क्रम.

आता एक नंबरचा प्लग निघतो. “भोकावर अंगठा दाब. घट्ट.” टॅक्सीवाला गाडी टॉप गिअरला टाकून मागून ढकलायला लागतो. चाकं फिरतात तसं इंजिनही फिरतं. आधी काहीच नाही. मग हवा अंगठ्याखाली दाटते आणि फुस्सकन् बाजूने निसटते. पिस्टन वर येतोय, दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट अंगठ्याला कळली.

“आता इंच-इंच.” पुलीवरची खूण कव्हरवरच्या खुणेकडे सरकते. जरा पुढे गेली. तुम्ही गाडी तेवढीच मागे ओढायला जाता, तर मिस्त्री हात धरतात. “असं नको. गिअरच्या दातांतली ढील फसवते. चांगली मागे घे आणि पुन्हा पुढे ये.” तुम्ही तसं करता. खूण जुळते.

ही खूण पिस्टन अगदी वर पोचायच्या थोडी अलीकडची आहे. का? इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर सेकंदाच्या हजाराव्या भागात क्रँक 18 अंश फिरतो. मिश्रण पूर्ण पेटायला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून पिस्टन वर चढत असतानाच ठिणगी पडायला हवी. उशीर झाला तर पिस्टन खाली निघून गेलेला असतो, जोर वाया जातो, इंजिन तापतं. फारच लवकर पडली तर उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं आणि आत कुणी खिळे आपटतंय असा आवाज येतो. वेग वाढला की डिस्ट्रिब्युटरमधली वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगी आणखी अलीकडे आणतात. पाया मात्र हातानेच बसवायचा.

त्यासाठी मिस्त्रींकडे असतो एक छोटा बारा व्होल्टचा बल्ब, दोन वायरी जोडलेला. एक वायर डिस्ट्रिब्युटरच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला. चावी ऑन. क्लॅम्पचा बोल्ट ढिला करून मिस्त्री तुमचा हात डिस्ट्रिब्युटरवर ठेवतात. तो रोटरच्या दिशेने फिरवला की बल्ब विझतो, म्हणजे पॉइंट मिटले. आता उलट दिशेने, केसाएवढं, आणखी केसाएवढं. तुम्ही श्वास रोखता. बल्ब लागतो.

“थांब!” बोल्ट आवळला जातो.

पण काम संपलेलं नाही. प्लग बसतो, कॅप लागते आणि तुम्ही मागच्या सीटवर बसून केम्प्स कॉर्नरकडे निघता. चढ सुरू होताच मिस्त्री म्हणतात, “टॉपमध्येच ठेव. दाब.” टॅक्सीवाला ॲक्सिलरेटर तळाला नेतो. मिस्त्री खिडकीबाहेर डोकं काढून ऐकताहेत. तुम्हीही ऐकता. एक बारीक, किणकिणता खडखडाट येतो आणि गाडीने जोर धरताच विरून जातो. “एवढाच पाहिजे,” ते म्हणतात. टॅक्सीवाल्याच्या कपाळावरची आठी गेलेली असते.

डोळे मिटा, परत या. ताडदेव आरटीओत 2003 च्या ऑक्टोबरात नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. तुमच्या आजच्या गाडीत पॉइंट नाहीत, फिरवायला डिस्ट्रिब्युटर नाही. ठिणगीची वेळ संगणक ठरवतो. पण बॉनेटखाली, इंजिनच्या ब्लॉकवर बोल्टने आवळलेला अंगठ्याएवढा एक सेन्सर असतो. चढावर तो तीच किणकिण ऐकत असतो. ती आली की संगणक ठिणगी जराशी मागे घेतो, थांबली की हळूहळू पुन्हा पुढे आणतो.

पुढच्या वेळी घाट चढताना काच जरा खाली करा. मिस्त्रींनी खिडकीबाहेर डोकं काढून जे काम केलं, ते आता इंजिनच्या आत चालू आहे, सेकंदात कितीतरी वेळा.